जावेच्या कोंबड्या

दसरा झाला की आमची वस्ती रिकामी व्हायला लागते. टोळीचा ट्रक चौसाळ्याच्या बाजूने कच्च्या रस्त्यावर धूळ उडवत येतो, त्यात भांडी, गोधड्या, पाण्याची टिपाडं, एखादी शेळी, लेकरं असं सगळं चढतं, आणि ट्रक गेला की मागे म्हातारी माणसं, कुत्री आणि दारांना लावलेली कुलपं उरतात. माझा दीर आणि धाकटी जाऊ दरवर्षी त्या ट्रकमधून ऊस तोडायला जातात. आम्ही नवराबायको जात नाही. आमच्याकडे मेंढरं आहेत.

ही मेंढरं वाटणीत आली. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा दिराने स्वतःच्या तोंडाने विहिरीकडची जमीन मागितली आणि मेंढरं आम्हाला सोडली. मेंढरांमागे कोण हिंडणार, असं तो म्हणाला होता. तेव्हा विहिरीला पाणी होतं. पुढे ती आटली, आणि त्यांच्या हातात कोयता आला. यात आमची काही चूक नाही हे मला कळतं. जाऊही कधी तसं बोललेली नाही. पण ती साडी खोचून, एक पाय टायरवर ठेवून ट्रकवर चढते आणि खालून तिची पिशवी वर देणारी मी असते, तेव्हा दरवर्षी मला कुठे बघावं ते सुचत नाही.

त्या वर्षी निघायच्या दिवशी सकाळीच ती डोक्यावर डालगं घेऊन आमच्या अंगणात आली. डालग्यात तिच्या कोंबड्या होत्या, पाय सुतळीने बांधलेल्या. पाच कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा. आधी ती त्या आपल्या आईकडे ठेवून जायची, पण आईला आता डोळ्यांनी नीट दिसेना झालं होतं.

"आक्का, ह्या तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "अंडी तुमी खावा. पिल्लं निघली तर निम्मी तुमची, निम्मी माझी."

"मला कशाला निम्मी? सांभाळते की मी तशीच."

"न्हाई. आईकडं बी तसंच असायचं. वाट्यानं म्हंजे वाट्यानं."

मग तिने एकेकीची सुतळी सोडत मला त्यांच्या सवयी सांगितल्या. काळी कुठेही अंडं घालते, तिच्यावर लक्ष ठेवा. उघड्या मानेची लई शांत आहे, कधी खुडूक झाली तर तिच्याखाली अंडी बसवा. ठिपक्यांची भांडकुदळ आहे. सांगताना ती त्यांच्या पिसांवरून हात फिरवत होती. थोड्या वेळात ट्रक आला आणि ती गेली.

माझ्या स्वतःच्या कोंबड्या होत्याच, दहा-बारा. आमच्याकडे कोंबड्या पाळणं म्हणजे फार काही करावं लागत नाही. सकाळी खुराड्याचा पत्रा सरकवला की त्या बाहेर पडतात आणि दिवसभर आपल्या आपण हिंडतात. उकिरडा उकरतात, मेंढरांच्या लेंड्यांतले किडे टिपतात, बाभळीखाली मातीत लोळतात. दुपारी भाकरीचा चुरा किंवा मूठभर कणी टाकायची. भर उन्हाळ्यात परातीत पाणी ठेवायचं. दिवस मावळायला लागला की त्या स्वतःच खुराड्याकडे येतात, दारापाशी थोडी ढकलाढकली करतात आणि आत जाऊन बसतात. आपण मोजायचं आणि पत्रा लावून वर दगड ठेवायचा.

जावेच्या कोंबड्या पहिल्या दिवशी माझ्या अंगणात गोंधळून फिरल्या. माझ्या कोंबड्यांनी त्यांना चोची मारून हाकललं, माझा कोंबडा आणि तिचा तांबडा यांची झुंज झाली, पण दुपारपर्यंत सगळं शांत झालं. संध्याकाळी मी मोजायला गेले तर त्यांतली एकही खुराड्यात नव्हती. शोधत शोधत मी जावेच्या घराकडे गेले. तिचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, मध्ये तुरीचं एक वावर. तिथे त्या कुलूप लावलेल्या दारापुढे पायरीवर ओळीने बसल्या होत्या. माना आत ओढून, तोंडं दाराकडे करून. ती दार उघडायची, त्या आत जायच्या आणि तिच्या चुलीमागच्या कोपऱ्यात बसायच्या, ही त्यांची सवय. दार उघडेल म्हणून त्या वाट बघत होत्या.

मी एकेक उचलून, दोन-दोन काखेत धरून घरी आणल्या आणि खुराड्यात घातल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटलं, आठ-दहा दिवसांत सवय होईल. चार दिवस डांबून ठेवायला पाहिजे होतं, म्हणजे नवी जागा त्यांना आपली वाटली असती. हे मला माहीत होतं. पण डांबल्या की ओरडायच्या, आणि त्यांचं ते ओरडणं मला ऐकवायचं नाही. तिने आपली म्हणून ठेवलेली जनावरं मी कशाला कोंडू, असं मनात यायचं. म्हणून मी त्यांना मोकळं सोडायचे आणि रोज संध्याकाळी वावर ओलांडून आणायला जायचे.

खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं होतं. दिवसभर घरात बोलायला कुणी नसतं. लेक सासरी, मुलगा पुण्यात कामाला, आणि मालक मेंढरांमागे. ते दिवे लागायच्या वेळेला मेंढरं घेऊन यायचे, तोवर माझं कोंबड्या आणून झालेलं असायचं. त्या बंद दारापाशी मी पाचेक मिनिटं बसायचे. कोंबड्यांशी बोलायचे. "चला गं, तुमची मालकीण तिकडं उसात हाय, आता आखाजीच्या आधी काय येत न्हाई," असं काहीबाही. हे मी मालकांना कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलं नाही.

थंडीच्या दिवसांत परळीला माझ्या बहिणीच्या मुलीची सुपारी फुटली. सकाळच्या गाडीने जायचं आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं असं मी ठरवलं होतं. बहिणीचं घर औष्णिक केंद्राच्या बाजूला आहे, तिच्या अंगणातल्या तुळशीवर राखेचा थर असतो, ती रोज सकाळी पानं पुसते. कार्यक्रम छान झाला. पाहुणे गेल्यावर आम्ही बहिणी, मावश्या बऱ्याच वर्षांनी एकत्र बसलो. बहीण म्हणाली, "ऱ्हा की आजच्या दिस. तुजं काय लेकरू रडतंय तिकडं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि राहिले.

मालकांना फोन लावला. "आज येत न्हाई. भाकरी टोपल्यात हाय. कोंबड्या तेवढ्या कोंडा."

"कोंडतो," ते म्हणाले.

फोन ठेवला आणि बहिणीने ताटं वाढायला घेतली. जेवताना मला आठवलं, की ह्यांना फक्त खुराडं माहीत आहे. पायरीवरच्या कोंबड्या त्यांना माहीत नाहीत. घास तोंडात होता. परत फोन करावा असं मनात आलं. पण फोन पिशवीत होता, पिशवी आतल्या खोलीत, मावशी तिच्या सुनेची नक्कल करत होती आणि आम्हाला हसून हसून धाप लागली होती. करू जेवण झाल्यावर, असं मी म्हटलं. जेवण झाल्यावर ताटं घासली, मग गप्पा, मग मुलीच्या साड्या बघितल्या. मधे एकदा परत आठवलं. तेव्हा वाटलं, आता अंधार पडला, ते झोपले असतील, एवढ्या थंडीत त्यांना कुठे उठवायचं. एका दिवसाने काय होतंय.

सकाळी पहिल्या गाडीने मी निघाले. वस्तीवर उतरून चालत आले तर मालक जावेच्या घरापुढे उभे होते. लांबूनच मला पिसं दिसली. पायरीवर, अंगणात, तुरीच्या वावराच्या कडेपर्यंत वाऱ्याने गेलेली.

"रानमांजर आलं असंल," मालक म्हणाले. "सकाळी मेंढरं सोडाय निघालो तवा बघितलं. ह्या हितं कावून होत्या? मी तर खुराडं भरलेलं बघून पत्रा लावला."

पायरीवर काळी पडली होती, मान मोडलेली. ठिपक्यांची अंगणात होती. दोन नव्हत्याच, नेल्या असतील. तांबडा कोंबडा घराच्या पत्र्यावर बसून होता, त्याला हात लावायला गेले तर उडाला. उघड्या मानेची आम्हाला बऱ्याच वेळाने सापडली. मोरीच्या पाण्यासाठी भिंतीला भोक होतं, त्यात ती डोकं खुपसून बसली होती. पाठीवरचं कातडं सोललं होतं आणि एक पाय लोंबत होता. मी तिला बाहेर काढलं तरी तिने आवाज केला नाही.

मालकांना मी सगळं सांगितलं. रोज त्या इथे बसतात, रोज मी आणते, तुम्हाला सांगायचं राहिलं, आणि जेवताना आठवूनही मी फोन केला नाही. त्यांनी ऐकून घेतलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"आता तिला फोन करून सांगू नको," ते म्हणाले. "तिथं ती काय करणार? आल्यावर बघू. बाजारातनं दुसऱ्या घिऊन ठिवू."

ते चुकीचं बोलत नव्हते. पण जाऊ मधेमधे फोन करायची तेव्हा कोंबड्यांचं विचारायचीच. "बऱ्या हायत" हे शब्द माझ्या तोंडातून निघाले नसते. मी दुपारीच फोन लावला. दिराने उचलला, म्हणाला ती मोळ्या वाहतीय, सांच्याला करायला लावतो. ती दुपार मी उघड्या मानेच्या कोंबडीची जखम धुण्यात घालवली. हळद आणि खोबरेल लावलं, लोंबता पाय दोन काड्यांमध्ये धरून चिंधीने बांधला.

दिवस मावळताना तिचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता, त्यामुळे ती मोठ्याने बोलत होती. मी सांगत गेले आणि सांगता सांगता रडायला लागले. जेवतानाचंही सांगितलं. संपल्यावर काही वेळ नुसता ट्रॅक्टरच ऐकू येत होता.

"काळी गेली?" तिने विचारलं.

"गेली."

"बरं." मग म्हणाली, "अवो आक्का, तुमी कावून रडता? कोंबड्याच हायत. हितं परवा आमच्या पाचटाच्या कोपीत साप निघला, आमी मारून टाकला आन् जेवाय बसलो."

मला आणखी रडू आलं. ती म्हणाली, "जेवला का तुमी? न्हाई ना. जेवा आदी. आन् त्या उघड्या मानेचीला हळद-तेल लावून लावून हळदीची नवरी करून ठिवू नका." ती स्वतःच हसली. तिचा अंगठा कोयत्याने कापला होता, चिंधी बांधून ती ऊस तोडत होती, हे मला नंतर दिराकडून कळलं. त्या दिवशी मी विचारलंच नाही की तू कशी आहेस. सगळा फोन माझ्या रडण्यातच गेला.

तिच्या कोंबड्यांची अंडी मी बाजरीच्या डब्यात ठेवत होते. काळीची अंडी कडब्याच्या गंजीत सापडायची, बाकीच्या तिच्याच घरामागे घालायच्या. शेवटच्या दिवसांतली दहा-अकरा अंडी डब्यात होती. नेमकी त्याच आठवड्यात माझी एक कोंबडी खुडूक झाली. मी ती अंडी उजेडापुढे धरून बघितली, टोपलीत राख आणि भुसा घातला आणि तिच्याखाली बसवली. माझ्या कोंबड्यांचं एकही अंडं त्यात ठेवलं नाही. मालक म्हणाले, "पाच आपली बी ठिव की, एवढ्या जाग्यात बसतील." मी ऐकलं नाही.

आठ पिल्लं निघाली. दोन पूर्ण काळी होती. त्यांना बघून मला जो आनंद झाला तो सरळ नव्हता. जणू ती पिल्लंच मला माझ्या चुकीतून सोडवणार होती. मी त्यांना अंगणात सोडायलाच तयार होईना. खुडूक आणि पिल्लं डालग्याखाली झाकून ठेवायचे, तिथेच कणी, तिथेच पाणी. मांजर येईल, घार येईल, मुंगूस येईल. परळीच्या बहिणीने शिवरात्रीच्या जत्रेला बोलावलं, मी गेले नाही. चौसाळ्याच्या बाजारात जायचं टाळायला लागले. मालक तेल-मीठ आणायचे. उघड्या मानेची कोंबडी घरातच होती, चुलीपाशी पोत्यावर. तिचा पाय वाकडाच जुळला. ती लंगडत माझ्यामागे स्वयंपाकघरात फिरायची आणि कालवण ढवळताना माझ्या पायाशी येऊन बसायची.

या सगळ्यात माझ्या स्वतःच्या कोंबड्यांकडे माझं लक्ष राहिलं नाही. एक कुठेतरी बाहेर बसून अंडी उबवतेय हे मला ती पिल्लं घेऊन आल्यावर कळलं. ती पिल्लं मोकळी वाढली. आईने नुसता एक वेगळा आवाज काढला की पळत जाऊन बोरीच्या काट्यांत शिरायची. डालग्याखालची पिल्लं त्यांच्यापेक्षा मोठी असूनही मऊच राहिली. पिसं उशिरा आली. खुडूक आत कंटाळून त्यांनाच टोचायला लागली.

शेवटी एक दिवस मालकांनी माझ्यादेखत डालगं उचलून बाजूला ठेवलं. "कोंबडीची जात हाय, तिला उकरू दे," ते म्हणाले. पिल्लं उन्हात येऊन नुसती उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी घार आली. खुडूकने आवाज केला, पण ती पिल्लं माना वर करून बघत बसली. मी हातातली बादली टाकून ओरडत धावले तोवर घारीने एक उचललं होतं. काळ्यातलंच एक. ते चिवचिवत वर गेलं आणि मग आवाज लांब गेला. त्या पिल्लाला पळायचं माहीत नव्हतं, कारण मी त्याला कधी पळू दिलं नव्हतं. मालक गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी बादली उचलून परत भरून आणली आणि माझ्यापाशी ठेवली.

उरलेली सात मात्र शिकली. दहा दिवसांत ती सावली दिसली तरी पळायला लागली.

ऊस संपला आणि ट्रक परत आला तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. जाऊ वाळली होती, काळवंडली होती. कुलूप काढून तिने घर झाडलं, सडा टाकला, आणि हात पुसत आमच्याकडे आली. मी तिच्यापुढे डालगं ठेवलं. सात तलंगा-कोंबडे एव्हाना चांगले भरले होते. वर तांबडा कोंबडा, आणि लंगडी.

"ही सगळी तुजी," मी म्हणाले.

तिने डालग्यात हात घालून एकेक चाचपून बघितलं. मग तीन बाहेर काढून माझ्या अंगणात सोडले. जरा थांबून चौथाही सोडला. 

"ही तुमची निम्मी."

"अगं, मी न्हाई घेणार. तुज्या कोंबड्या माज्यामुळं गेल्या."

"गेल्या त्या गेल्या. ही पिल्लं कुणी काढली? तुमच्या खुडूकनं. दाणा कुणी घातला?"

"तरी बी मला नको."

तिचा चेहरा बदलला. ती सावकाश म्हणाली, "आक्का, तुमी सगळी मला दिली तर मी काय समजू? मला दान दिलं असं समजू? मी काय तुमच्याकडं मागाय आलते का? वाट्यानं ठिवली होती, वाट्यानं घेते. तुमाला वाईट वाटतं म्हणून माजी रीत मोडू नका."

मला वाटत होतं मी मोठ्या मनाने देतेय. तिला ते तसं दिसलं नाही, आणि तिचं खरं होतं. मला माझं ओझं तिच्या डालग्यात घालून मोकळं व्हायचं होतं.

त्याच आठवड्यात तिने आम्हाला दोघांना जेवायला बोलावलं. इतके महिने वस्ती राखली, घराकडे बघितलं, म्हणून. आम्ही गेलो तर चुलीवर रस्सा उकळत होता आणि दारामागे पिसांचं गाठोडं होतं. मी न विचारता ओळखलं. तिने लंगडी कापली होती.

"आता ती काय अंडी देणार?" वाढताना ती सहज म्हणाली. "आन् घरातलं खाऊन अंगानं चांगली झालती."

तिची कोंबडी होती. तिने कापायची की ठेवायची हे तिचं. आमच्याकडे कोंबड्या कशासाठी पाळतात हे मला काय माहीत नाही? मी स्वतः किती कोंबडे कापून पाहुण्यांना घातलेत. पण ही माझ्या पायाशी बसायची. माझ्या हाताला तिच्या पाठीवरची खपली अजून माहीत होती. पुढ्यात ताट आलं. दीर, मालक, जाऊ, कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं, पण नाही खाल्लं तर काय होईल ते मला कळत होतं. सहा महिने उन्हातान्हात राबून आलेल्या बाईने आपल्याकडचं चांगलं तेच आमच्यासाठी रांधलं होतं. मी भाकरी चुरली आणि जेवले. दुसऱ्यांदा तिने वाढलं तेव्हाही घेतलं. रस्सा चवीला चांगला झाला होता, हे सांगायला मला लाज वाटते.

ते चार माझ्याकडे राहिले. त्यांत तीन तलंगा निघाल्या आणि पुढे अंड्यावर आल्या. मी त्यांची अंडी वेगळी ओळखायचे, जरा लहान आणि तपकिरी. बरेच दिवस ती अंडी मी स्वतः खाल्ली नाहीत. मालकांना पोळी करून द्यायचे नाहीतर मुलगा आला तर त्याच्याबरोबर पुण्याला पाठवायचे. आता खाते. तरी फोडताना मनात काहीतरी येऊन जातं.

यंदा दसऱ्याच्या आधी मी खुराड्याला लागून दुसरं खुराडं बांधून घेतलं. दगड मालकांनी आणले, माती मी लिंपली, आत बसायला बाभळीची आडवी काठी घातली. जावेच्या कोंबड्या आल्या की चार दिवस तिथे डांबायच्या, कितीही ओरडल्या तरी, असं पक्कं ठरवलं. तिला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ती डालगं घेऊन येईल तेव्हा दाखवू.

ती आली ती रिकाम्या हाताने. चहा घेतला. ट्रक कधी येणार ते सांगितलं. मी वाट बघून शेवटी विचारलं, "कोंबड्या कवा आणतीस?"

"त्या इकल्या की," ती म्हणाली. "रविवारी बाजाराला गेलते तवा."

"का गं?"

तिने कप खाली ठेवला. नव्या खुराड्याकडे तिचं लक्ष गेलं होतं, ओली माती अजून गडद दिसत होती.

"आक्का, तुमच्यावर भरवसा न्हाई असं मनात आणू नका," ती म्हणाली. "पर गेल्या साली मी तिथं ऊस तोडायचे आन् माज्या डोक्यात एकच, आक्का जेवली का न्हाई, आक्का रडत बसली असंल. थोरले दादा ह्यांना फोनवर सांगायचे, ती बाजाराला बी जात न्हाई म्हणून. मला कोंबड्यांचं काय न्हाई वाटलं. तुमचंच लई वाटायचं. मला तिथं आदीच लई असतंय."

"दाखवाय पायजे होतं तुला खुराडं," एवढंच मी म्हणाले.

"चांगलं बांधलंय," ती म्हणाली.

ट्रक आला त्या दिवशी मी नेहमीसारखी तिची पिशवी वर दिली. तिने वरून हात हलवला. संध्याकाळी मी माझ्या कोंबड्या मोजल्या, पत्रा लावला, दगड ठेवला. आणि एकदम मला हलकं वाटलं, की झालं, आता कुठे जायचं नाही, कुणाचं काही माझ्याकडे नाही. ते हलकेपण फार तर चूल पेटवेपर्यंत टिकलं असेल. मालक मेंढरं घेऊन आले, हातपाय धुऊन जेवायला बसले, आणि म्हणाले, त्या नव्या खुराड्यात यंदाची कोकरं ठेवू, थंडीत बरं पडेल. मी ठेवा म्हणाले.